निक्कोचा बर्फ, उजीचा चहा

उन्हाळा लागला की जपानमध्ये दुकानांच्या दाराशी एक लहानशी पताका फडफडू लागते. पांढरं कापड, निळ्या लाटा आणि मधोमध लाल रंगात एकच अक्षर: बर्फ. आत काकिगोरी मिळते. किसलेला बर्फ, वर पाक, एवढंच सांगितलं तर आपला माणूस म्हणेल, मग गोळाच की! पण गोळ्याचा बर्फ काडीभोवती दाबून बसवतात, आणि त्याची गंमत रंगीत पाक चोखण्यात असते. काकिगोरीत दाबणं हाच गुन्हा. इथे बर्फ हीच मुख्य चीज आहे.

म्हणून आधी बर्फ पाहू. नामांकित दुकानं निक्कोसारख्या डोंगराळ भागातला नैसर्गिक बर्फ आणतात. थंडीत झऱ्याचं पाणी तळ्यात सोडायचं आणि साधारण पंधरा सेंटिमीटर जाडी येईपर्यंत वाट पाहायची. वर पडलेलं हिम आणि पाचोळा झाडून काढायचा, आणि मध्येच पाऊस आला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. सावकाश गोठल्यामुळे त्यात हवेचे बुडबुडे फारसे राहत नाहीत, लादी काचेसारखी आरपार दिसते. कापलेल्या लाद्या लाकडाच्या भुशात उन्हाळ्यापर्यंत टिकवतात.

किसण्याआधी ही लादी थोडा वेळ बाहेर ठेवतात. पृष्ठभाग ओलसर झाला की मगच पातं लावायचं. फार थंड बर्फ कडक असतो, त्याचा भुगा पडतो. नीट किसला तर लांब, पातळ पापुद्रे निघतात. दुकानदार एका हाताने वाडगा फिरवत ते अलगद झेलतो. या पापुद्र्यांमध्ये हवा राहते, म्हणून घास जिभेवर टेकताच विरतो आणि दात ठणकत नाहीत.

आता 'उजी किंतोकी'. क्योतोजवळच्या उजीचा चहा प्रसिद्ध. त्याच्या हिरव्या माच्चा पुडीचा पाक बर्फावर, आणि सोबत अझुकी या लाल कडधान्याचं गोड पुरण. बर्फात कडधान्य? पुरणपोळी खाणाऱ्यांनी तरी नाक मुरडू नये. माच्चाचा कडवटपणा आधी येतो, अझुकीचा दाट गोडवा मागून, आणि मधला बर्फ दोघांना एकमेकांवर चढू देत नाही. रचनेची खरी हुशारी या मधल्या जागेत आहे. वर कंडेन्स्ड मिल्क ओतलं की ती बुजते, असं माझं मत.

हजारेक वर्षांपूर्वी दरबारातल्या सेई शोनागोन या लेखिकेने उच्च अभिरुचीच्या गोष्टींची यादी केली. तीत वेलीच्या गोड रसातला किसलेला बर्फ आहे, पण धातूच्या नव्या वाटीत. चवीबद्दल ती काही बोलत नाही, वाटी मात्र विसरत नाही. आणि ते बरोबरच आहे. तेव्हा हे सुख सरदारांचं होतं. 1887 मध्ये मुराकामी हान्झाबुरो यांनी बर्फ किसायचं यंत्र काढलं, पुढे हे सुख घरोघरच्या पोरांपर्यंत पोचलं.

हल्ली फेस, चीज, फळांचे ढीग यांनी वाडगे उंच होत चाललेत. दिसायला झकास, पण खाली बर्फ कसा आहे ते कळतच नाही. जपानला गेलात तर पाकांच्या यादीआधी बर्फ कुठला ते लिहिणारं दुकान शोधा, आणि पहिला चमचा नुसत्या बर्फाचा घ्या.