चढउताराचा गोंगाट आणि नादाचे श्रवण : एका उपपत्तीची मर्यादा

हार्वे फ्लेचर यांनी १९४० साली मांडलेली क्रांतिक पट्ट्याची कल्पना श्रवणविचारात पायाभूत मानली जाते. कान हा जणू चाळण्यांचा संच असून, एखादा नाद ऐकू येणे वा न येणे हे त्याच्या कंप्रतेलगतच्या अरुंद पट्ट्यात गोंगाट किती आहे एवढ्यावरच अवलंबून असते, असा तिचा आशय. एकसारख्या गोंगाटापुरती ही उपपत्ती बहुतांशी टिकते. परंतु व्यवहारातील गोंगाट एकसारखा क्वचितच असतो.

१९८४ साली हॉल, हॅगर्ड व फर्नांडिस यांनी १००० हर्ट्झचा नाद चढउताराच्या गोंगाटात मिसळून श्रोत्यांना ऐकविला. गोंगाटाचा पट्टा रुंद करीत नेला असता नाद झाकला न जाता उलट अधिक सुलभपणे ऐकू आला; हा लाभ सुमारे १० डेसिबेलपर्यंत गेला. दूरच्या पट्ट्यांतील चढउतारावरून कान ओहोटीचे क्षण हेरतो, असे याचे स्पष्टीकरण देण्यात येते. मात्र सगळे श्रेय या तुलनेस देणे उतावीळपणाचे ठरेल. लाभाचा काही अंश एकाच पट्ट्यातील चढउताराचा आकार नादामुळे बदलतो म्हणूनही पदरी पडतो, हे स्कूनेव्हेल्ट व मूर यांनी १९८९ साली दाखविले. तथापि साहाय्यक गोंगाट दुसऱ्या कानात दिला असताही थोडा लाभ उरतोच. तेव्हा तुलनेचे तत्त्व सर्वस्वी त्याज्य नव्हे.

प्रयोगशाळेतील चढउतार एकाच हातचा असतो. बाहेर तसे नसते. बुलढाणा जिल्ह्यातील शेगावहून आषाढीसाठी पंढरपुरास निघणाऱ्या पालखीचे उदाहरण घ्यावे. टाळकऱ्यांचे ठेके एकत्र पडत असता गजराची भरती-ओहोटी सर्व पट्ट्यांत बरोबरीने होते व मधल्या फटींतून वीणेचा स्वर निसटून कानी येऊ शकतो. ठेका विस्कटला की गजर तेवढाच राहूनही फटी बुजतात, असे उपपत्तीवरून अनुमान निघते. टाळांची उंच कंपने ठोक्यानंतरही रेंगाळत असल्याने येथील समानता मुळातच अपुरी असते, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

हा वाद केवळ पंडिती नव्हे. अंतःकर्णाचा विकार असलेल्यांना चढउताराच्या गोंगाटाचा लाभ फारच थोडा होतो, असे फेस्टेन व प्लॉम्प यांना १९९० साली वाक्यश्रवणात आढळले. घरच्या शांततेत बरे ऐकणारा वृद्ध मेळ्यात गोंधळला, तर तो त्याच्या दुर्लक्षाचा दोष मानू नये. केवळ शांततेत वा एकसुरी गोंगाटात घेतलेली श्रवणपरीक्षा ही उणीव उघड करीत नाही; आणि जी उपपत्ती ओहोटीस जागाच देत नाही, तिला अशी परीक्षा अपुरी असल्याचे उमगणारही नाही.