तात्पर्याच्या पलीकडे : शिशुवाचन आणि मराठी चित्रपुस्तकांची समीक्षा

प्रास्ताविक :
मराठी बालवाङ्मयाच्या समीक्षेत 'संस्कार' हा निकष दीर्घकाळ प्रभावी राहिला आहे. सदाशिव काशिनाथ छत्रे यांची १८२८ मधील 'बाळमित्र' व इसापनीतीच्या कथा ही मराठी मुद्रित बालवाङ्मयाच्या आरंभीची पुस्तके होत. बोधाची अपेक्षा तेव्हापासूनच या वाङ्मयाला चिकटली. अद्याप वाचता न येणाऱ्या दोन ते पाच वर्षांच्या मुलाच्या संदर्भात हा निकष अपुरा ठरतो, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वाचन : एक संवाद
या वयातील मूल पुस्तक एकटे वाचत नाही. मोठे माणूस वाचते, मूल चित्र पाहते, बोट ठेवते, मध्येच विचारते. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील अभ्यासात पालकांना मोकळे प्रश्न विचारण्यास आणि मुलाच्या उत्तरात भर घालण्यास शिकविले होते. चार आठवड्यांनंतर ही मुले, नेहमीच्या पद्धतीने वाचून दाखविलेल्या मुलांपेक्षा, बोलून व्यक्त होण्यात पुढे असल्याचे आढळले. नमुना लहान व मध्यमवर्गीय असल्याने हा निष्कर्ष आपल्याकडे जसाच्या तसा लागू करता येणार नाही. तरीही त्यातून एक वाङ्मयीन प्रश्न उभा राहतो : पुस्तक मुलाला बोलायला जागा देते काय?

तात्पर्य ही जागा बहुधा बंद करते. कोल्ह्याला द्राक्षे का मिळाली नाहीत, यावर मुलाचे स्वतःचे म्हणणे असू शकते. पण शेवटी छापलेले एक वाक्य ते अनावश्यक ठरविते.

याउलट माधुरी पुरंदरे यांचे 'राधाचं घर' पाहावे. लहान मुलीच्या घरातील माणसे हा त्याचा साधा विषय. लेखन व चित्रे एकाच हातची असल्याने शब्दांनी न सांगितलेले चित्रांत उरते. 'आपल्या घरी हे काम कोण करतं?' असा प्रश्न वाचणाऱ्याला सहज सुचतो, आणि पुस्तकाचा अर्थ प्रत्येक पानावर घडू लागतो.

एक मर्यादा :
मात्र पुस्तकातील घर आणि भाषा सर्वच मुलांच्या ओळखीची असतील असे नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी आणि पुढे कोसबाड येथे केलेल्या कार्याने शिक्षणाला मुलाच्या परिसराकडे नेले. वारली बोलणाऱ्या मुलाला पुस्तकातील वस्तूचे घरचे नाव उच्चारता यावे आणि सेविकेने ते चूक न मानता स्वीकारावे, यासाठी पुस्तकातही अवकाश हवा. ज्या घरात पुस्तकच नाही, तेथील मुलासाठी अंगणवाडीतील मोजकी पुस्तके निर्णायक ठरू शकतात. म्हणूनच त्यांच्या निवडीचा निकष महत्त्वाचा आहे.

निष्कर्ष :
१) शिशुपुस्तकाचे मूल्यमापन बोधाइतकेच त्यातून शक्य होणाऱ्या संभाषणावरून व्हावे.
२) चित्र ही सजावट नसून संहितेचा भाग मानला जावा.
३) पुस्तकांची निवड करताना ती प्रत्यक्ष मुलांसमवेत वाचून पाहावीत. मूल जेथे थांबून बोलू लागते, तेथेच समीक्षकानेही थांबावे.