‘शिन्सेकाई योरी’: उंदीर कुणी ठरवले?

रहस्यकथेत आपण विचारतो, खून कुणी केला? आज घेतलेल्या मांगात प्रश्न वेगळा आहे: जे मेले, ते कोण होते? (शेवट सांगावाच लागणार आहे. वाचायची असेल त्यांनी इथेच थांबावं, आमचा राग नाही.)

युसुके किशी यांची मूळ कादंबरी २००८ची. तोरू ओइकावा यांनी चितारलेली मांगा २०१२ ते २०१४ मधली, सात खंडांची. हजार वर्षांनंतरचा जपान. साकी आणि तिचे सवंगडी बारा वर्षांचे होतात, तेव्हा मनाने वस्तू हलवण्याची शक्ती त्यांच्यात जागी होते. शक्ती पिढीजात, पण तिच्यासोबत आणखी एक वारसा येतो. पूर्वजांनी माणसाच्या जनुकांतच लगाम घातलाय. समोरच्या माणसाला शक्तीने मारलं, की मारणाऱ्याचं स्वतःचंच शरीर बंद पडतं.

आता नीट बघा. हा लगाम चालतो कशावर? ओळखीवर. समोरचा ‘माणूस’ आहे असं डोळ्यांना पटलं, तरच तो आवळतो. मग ज्यांच्यात शक्ती नव्हती त्यांचं काय केलं? त्यांच्यात नेकेड मोल रॅट या बिळात राहणाऱ्या, केस नसलेल्या उंदराची जनुकं मिसळली. रूप बदललं, लगाम सुटला. आता हजारोंनी मारा, काही होत नाही. साकीचा मित्र सातोरू अखेरीस या ‘बाकेनेझुमीं’ची गुणसूत्रं मोजतो: २३ जोड्या. मोल रॅटच्या असतात ३०. आपल्या किती, ते शाळेत शिकलोच आहोत.

आमच्या मते इथे मांगा कादंबरीच्या पुढे जाऊ शकत होती. शब्दांत रूप थोडंफार झाकता येतं, चित्रात नाही. सुळे दिसतात, सुरकुतलेली कातडी दिसते, आणि आपणही पानोपानी ‘हा उंदीर’ असा निकाल देत जातो. खटल्यात स्क्विलर ‘आम्ही माणसं आहोत’ असं सांगतो, लोक हसतात. तेव्हा आपलंही तोंड जरा वाकडं झालेलं असतं, खरं की नाही?

म्हणूनच चीड येते. मुलींच्या देहांवर ओइकावा इतकी पानं खर्चतात की वाचकाची नजर भलतीकडेच राहते. ज्या कथेचं सगळं रहस्यच ‘बघण्यात’ आहे, तिथे ही उधळपट्टी परवडणारी नव्हती. स्क्विलरचा चेहरा आणखी चार पानं हवा होता.