नावासकट वाचवलेली मुले

युद्धावरचे चित्रपट म्हटले की तोफा, रणगाडे आणि शूर नायक आठवतात. क्रोएशियाच्या दिग्दर्शिका दाना बुदिसाव्ल्येविच यांचा ‘डायरी ऑफ डायना बी.’ (२०१९) या चित्रपटात यातले फारसे काही नाही. इथे एक मध्यमवयीन बाई आहे, तिचे घर आहे आणि कागद आहेत. हे कागदच चित्रपटाचा प्राण आहेत.

डायना बुदिसाव्ल्येविच या मूळच्या ऑस्ट्रियाच्या, जन्म १८९१चा. झाग्रेबमधील एका सर्ब शल्यचिकित्सकाच्या त्या पत्नी. १९४१ साली क्रोएशियात हिटलरच्या आश्रयाने उस्ताशींची राजवट आली आणि सर्ब, ज्यू व रोमा लोकांसाठी छावण्या उभ्या राहिल्या. लोबोरग्रादच्या छावणीतील ज्यू स्त्रियांना त्यांच्या समाजाकडून मदत पोहोचते, पण सर्ब स्त्रिया व मुलांना कोणीच वाली नाही, हे डायनाबाईंना ऑक्टोबर १९४१ मध्ये कळले. सुरुवात कपडे आणि धान्य जमवण्यापासून झाली. १९४२च्या उन्हाळ्यात कोझारा डोंगरातील गावे उठवून माणसे छावण्यांत कोंबली गेली, तेव्हा परवानग्या मिळवून त्यांनी स्तारा ग्रादिश्कासारख्या ठिकाणांहून मुलांना बाहेर काढले. हजारो वाचली, अनेक वाटेत किंवा नंतर दगावली.

काही मुले इतकी लहान होती की स्वतःचे नावही सांगू शकत नव्हती. त्यांना कॅथलिक कुटुंबांत ठेवले जात होते. आईबापांना ती पुन्हा सापडावीत कशी? म्हणून डायनाबाईंनी कार्डे बनवली, सुमारे १२,००० मुलांची. मूल जगले, पण नाव, धर्म, घर हरवले, तर सुटका अर्धीच राहते. रोज पटावर हजेरी घेणाऱ्या शिक्षकाला हे वेगळे सांगावे लागत नाही.

दिग्दर्शिकेने अभिनित प्रसंग, जुन्या चित्रफिती आणि वाचलेल्यांच्या आठवणी एकत्र गुंफल्या आहेत. आल्मा प्रिचा यांनी डायनाबाई संयमाने उभ्या केल्या आहेत. त्या आक्रोश करत नाहीत. तो संयम कधीकधी इतका वाढतो की बाईंचे अंतरंग आपल्यासाठी बंदच राहते. इतिहास ठाऊक नसलेला प्रेक्षकही मध्येच गोंधळतो. पण म्हातारे झालेले ते लोक त्या जागी मुकाट उभे राहतात, तेव्हा कोणत्याही संवादाची गरज उरत नाही.

युद्ध संपताच, १९४५ मध्ये नव्या सत्तेने ती कार्डे ताब्यात घेतली. बाईंचे कार्य विस्मृतीत गेले. १९७८ साली त्यांचे निधन झाले. जर्मन भाषेत लिहिलेली डायरी नातीने भाषांतरित केली आणि ती २००३ साली प्रसिद्ध झाली. जुलमी राजवट गेली तरी उपकाराची नोंद ठेवायला समाज किती कचरतो, हे यातून दिसते.

आपल्या वाचकांसाठी एक गोष्ट, जी या चित्रपटाच्या कक्षेबाहेरची आहे. त्याच राज्यात बोस्नियाचे मुसलमानही होते. त्यांतले काही उस्ताशींबरोबर गेले. पण १९४१ मध्येच सारायेवो, मोस्तार, बान्या लुका येथील मुस्लिम प्रतिष्ठितांनी सर्बांवरील अत्याचारांचा निषेध करणारे जाहीर ठराव केले. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत आणि दोन्ही आपण वाचल्या पाहिजेत. जुलूम कुणावर होतो आहे हे पाहून आपला आवाज ठरत असेल, तर तो इन्साफ नाही. डायनाबाई जन्माने सर्ब नव्हत्या. हा चित्रपट आपल्यापुढे तोच प्रश्न ठेवतो: परक्याच्या मुलाचे नाव आपण लिहून ठेवू का?