लिओ कुठे गेला, हे मी विचारलंच नाही

थिसिसच्या तिसऱ्या चॅप्टरवर काम करताना एक गोष्ट लक्षात आली, ती आधी कबूल करून टाकते. ॲलन हॉलिंगहर्स्टची 'द लाइन ऑफ ब्युटी' मी तीनदा वाचली होती आणि तिन्ही वेळा मधल्या दोनशे पानांत लिओला साफ विसरून गेले होते. लिओ म्हणजे पहिल्या भागातला नायकाचा प्रियकर. विसरण्यासारखा माणूस नाही तो.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात: एड्सच्या काळावरच्या इंग्रजी कादंबऱ्यांमध्ये काय सांगितलं आहे यापेक्षा काय गाळलं आहे, हे मी बघते. घरी कोणी विचारलं की मी म्हणते, 'कादंबरीतल्या रिकाम्या जागा मोजते.' त्यावर मामा म्हणाला होता, 'याला स्कॉलरशिप मिळते?' मिळते, पण उशिरा. असो.

कादंबरी 2004 मधली, त्या वर्षीचं बुकर तिला मिळालं. तिचे तीन भाग आहेत: 1983, 1986 आणि 1987. म्हणजे लंडनमधली थॅचरबाईंची भरभराटीची वर्षं. निक गेस्ट नुकताच ऑक्सफर्डमधून बाहेर पडलाय आणि नॉटिंग हिलमध्ये कॉलेजच्या मित्राच्या घरी, वरच्या मजल्यावरच्या खोलीत राहतोय. मित्राचे वडील जेराल्ड फेडन नुकतेच हुजूर पक्षाचे खासदार झालेत. निकचं आडनावच 'पाहुणा' आहे. हा विनोद कादंबरी फार ताणत नाही, पण शेवटी वसूल मात्र करते. निक स्वतःही पीएच.डी. करतोय, हेन्री जेम्सच्या शैलीवर. (हो, मलाही हसू आलं.)

लिओ कृष्णवर्णीय आहे, कौन्सिलच्या ऑफिसात नोकरी करतो, विल्सडेनमध्ये आई आणि बहिणीबरोबर राहतो. दोघांची ओळख झाली ती लिओने दिलेल्या जाहिरातीला निकने पत्र लिहिल्यामुळे. पहिल्या भेटीत जायला जागा नाही, म्हणून निक त्याला घरामागच्या बागेत नेतो. ती बाग फक्त तिथल्या रहिवाशांची, कुलूपबंद, आणि निकजवळची किल्ली उसनी. पुढे निक लिओच्या घरी जेवायला जातो. आई अतिशय धार्मिक. भिंतीवर होल्मन हंटच्या 'द शॅडो ऑफ डेथ'ची प्रत टांगलेली आहे: तरुण येशू सुतारकाम थांबवून आळस देतोय आणि मागच्या भिंतीवर त्याची सावली क्रुसावर चढवलेल्या माणसासारखी पडली आहे. निक त्या चित्राकडे कलेच्या जाणकाराच्या नजरेने बघतो. आपणही तसंच बघतो. लिओचा आधीचा मित्र पीट, जुन्या वस्तूंचं दुकान चालवणारा, आजारी दिसतो. तेही आपण वाचतो आणि पुढे जातो.

मग पान उलटलं की थेट 1986. आता निकचा प्रियकर आहे वानी, लेबनीज कोट्यधीशाचा देखणा मुलगा. कोकेन आहे, भारी फर्निचर आहे, एक झुळझुळीत मासिक काढायचा बेत आहे. पार्टीत निक खुद्द थॅचरबाईंबरोबर नाचतो. लिओ नाही. दोघांचं कधी आणि कसं तुटलं, तो प्रसंग आपल्याला दाखवलेलाच नाही.

या गाळलेल्या तीन वर्षांवर मी माझ्या ड्राफ्टमध्ये सहा पानं लिहिली होती. कालविपर्यास, निवेदनातला खंड, सगळं होतं. गाईडबाईंनी समासात दोनच शब्द लिहिले: 'आणि तू?' मला आधी रागच आला. मग कळलं त्या काय विचारत होत्या.

कादंबरी तृतीयपुरुषी आहे, पण निवेदक निकच्या खांद्यावरून हलत नाही. निकला जे दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं, आणि निकला सुंदर गोष्टी दिसतात: खुर्चीचा पाय, छताजवळची नक्षी, एखाद्याच्या पाठीचा बाक. शीर्षकातली 'सौंदर्यरेषा' ही विल्यम होगार्थची 1753 सालची कल्पना, इंग्रजी एस अक्षरासारखी वळणदार रेघ. हॉलिंगहर्स्टचं वाक्यही तसंच वळत वळत जातं. वाचताना इतकं सुख होतं की आपण प्रश्न विचारत नाही. पुस्तक फार सुंदर आहे, त्यामुळे आजाराची धग त्यात जाणवत नाही, अशी तक्रार मी सेमिनारमध्ये ऐकली आहे, आणि एकदा मीही केली आहे. आता मला वाटतं की ते सुख हाच सापळा आहे.

कारण 1987 मध्ये लिओची बहीण रोझमेरी तिच्या जोडीदारणीबरोबर निकच्या ऑफिसात येते. लिओ काही आठवड्यांपूर्वी गेला. त्याच्या सामानात तिला निकचं पहिलं पत्र सापडलंय. निकला त्या वेळी आठवतं की मध्ये एकदा त्याने लिओला बारमध्ये पाहिलं होतं, खंगलेला, आणि आपण नजर फिरवली होती. तो क्षण घडला तेव्हा लेखकाने आपल्याला सांगितला नव्हता. निकने तो स्वतःपासूनही बाजूला ठेवला होता. इथे मी पुस्तक मिटलं. निकने एकदा नजर फिरवली. मी तीन वाचनांत दोनशे पानं फिरवली होती.

फेडन कुटुंबाचीही एक पद्धत आहे. रेचेल फेडनचा जुना मित्र, पॅट नावाचा नट, एड्सने जातो, तेव्हा घरात म्हटलं जातं की पूर्वेकडे कुठेतरी काहीतरी विचित्र जंतू लागला असणार. मुलगी कॅथरीन खरा शब्द उच्चारते, तर सगळे तिच्याकडेच आजारी असल्यासारखे बघतात. आपल्याकडेही काही घरांत माणूस 'तापाने' जातो, तर तो सूर ओळखीचा वाटेल. पण शब्द टाळणं नेहमीच भित्रेपणाचं नसतं. ॲडम मार्स-जोन्सच्या 'स्लिम' या कथेत आजारी माणूस स्वतःच तो शब्द वापरत नाही, आफ्रिकेतलं दुसरं नाव वापरतो. तिथे गाळणं हा रुग्णाचा हक्क आहे. फेडनांच्या घरात ती यजमानांची सोय आहे. माझा अख्खा चॅप्टर या फरकावर उभा आहे.

तरी एक गोष्ट मला खटकतेच, आणि ती मी चॅप्टरमध्येही ठेवणार आहे. लिओचं मरण शेवटी निकच्या शिक्षणासाठी वापरलं जातं. त्याचं आजारपण, त्याची शुश्रूषा, आईचं काय झालं, हे सगळं पडद्याआड. वानी खंगत जातो ते मात्र आपण रेस्टॉरंटच्या टेबलावर बसून, जवळून बघतो. श्रीमंताला समोर मरता येतं. हे निकच्या नजरेचं आंधळेपण आहे असं म्हणून लेखकाला सोडता येतं, आणि मी अर्धंच सोडते. जुनी पत्रं चाळून, एकेकाला शोधून तोंडावर बातमी सांगणारी रोझमेरी: मला तिची कादंबरी वाचायची होती. तिला एक प्रकरणसुद्धा पूर्ण मिळत नाही.

शेवटी जेराल्डचं स्वतःचं लफडं बाहेर येतं, वार्ताहर दारात जमतात आणि राग निघतो निकवर. तुझ्यासारखे लोक दुसऱ्यांच्या कुटुंबाला चिकटतात, असं त्याला ऐकवलं जातं. चार वर्षं घरचा म्हणवलेला मुलगा एका दिवसात पाहुणा होतो. निक किल्ल्या ठेवून निघतो. त्याची एचआयव्ही चाचणी व्हायची आहे, आणि रस्त्यात उभ्या उभ्या त्याला खात्री वाटते की ती पॉझिटिव्ह येणार. निकाल कादंबरी सांगत नाही.

2004 च्या वाचकाला मात्र एक गोष्ट माहीत होती, जी त्या रस्त्यावर निकला माहीत असणं शक्य नव्हतं: एकत्र औषधांचा परिणामकारक उपचार 1996 च्या सुमारास आला. माझ्या प्रतीत शेवटच्या पानाच्या समासात पेन्सिलने एक वजाबाकी केलेली आहे. 1996 वजा 1987. उत्तराखाली मी दोनदा रेघ मारली आहे.