'पाठलाग': नावातच फुटलेलं रहस्य

पुढे स्पॉयलर आहेत. अर्थात राजा परांजपेंच्या 'पाठलाग'चं (१९६४) रहस्य मूळ कादंबरीने स्वतःच फोडलंय. जयंत देवकुळे यांच्या त्या कादंबरीचं नाव 'आशा परत येते'! सिनेमाने नाव बदललं, बरं केलं.

वकिलाची बायको आशा त्याच्या डोळ्यांदेखत जाते. मग पोलिस एका दरोडेखोर बाईला पकडतात. चेहरा हुबेहूब आशाचा, आणि ती म्हणते, मीच यांची बायको. कोर्टात तिला खोटं पाडायला उभा राहतो तो नवराच, म्हणजे काशिनाथ घाणेकर.

मेलेलं माणूस परत येतं, या धाग्यावर फ्रान्समध्ये ब्वालो-नार्सजाक ही लेखकजोडी लिहीत होती. त्यांच्या एका कादंबरीवरून क्लुझोने 'ले दियाबोलिक' (१९५५) केला, दुसरीवरून हिचकॉकने 'व्हर्टिगो' (१९५८). 'ले दियाबोलिक' संपताना पाटी येते: शेवट कुणाला सांगू नका. 'पाठलाग'ला ती पाटी वाचवू शकली नसती. क्रांती चौकात चहा पिताना मी मित्राला निम्मीच गोष्ट सांगितली, तर तो लगेच म्हणाला, "जुळी बहीण." बरोबर! तरी त्याने घरी जाऊन मोबाईलवर पूर्ण सिनेमा बघितला.

कारण ती कोण, हा खरा प्रश्नच नाही. माझ्या कामाच्या भाषेत हा ऑथेंटिकेशनचा सिनेमा आहे. बाई प्रत्येक वेळी बरोबर पासवर्ड देते, दोघांनाच ठाऊक असलेल्या आठवणी, आणि सिस्टिम म्हणते, पासवर्ड चोरीला गेलाय. नवरा दुष्ट नाही. पण तिला खरी मानायचं तर आपण भलत्याच बाईसाठी रडलो, हेही मानावं लागतं. घाणेकर चिडून बोलतात तेव्हा त्या चिडण्याखाली ही भीती आहे. भावनांची आशा त्याच्यासमोर एकेक आठवण उलगडत जाते, तसतसा मी तिच्या बाजूने होत गेलो.

'मेरा साया'मध्ये (१९६६) सुनील दत्त आणि साधना आहेत, रंग आहेत, 'झुमका' आहे. गाण्यांसाठी मी तो परत बघेन, खटल्यासाठी 'पाठलाग'च.

तक्रार शेवटाबद्दल आहे. जुळ्या बहिणीचा खुलासा सगळ्यांना सोडवतो, नवऱ्यालासुद्धा. पण स्वतःला सिद्ध करायला आशाने भर कोर्टात, परक्या माणसांसमोर संसारातल्या खासगी गोष्टी उघड्या केल्या, त्याबद्दल तिला काय वाटलं, हे सिनेमा विचारतच नाही.