युगपत् चाल आणि वचन

बुद्धिबळात प्रतिपक्षाची चाल पाहून आपली चाल खेळावयाची असते. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डिप्लोमसी’ या खेळात मात्र सात खेळाडूंच्या लेखी आज्ञा एकाच वेळी उघड होतात. तत्पूर्वी वाटाघाटी होतात. परंतु दिलेला शब्द पाळण्याचे बंधन नियमांत नाही.

२०२२ साली मेटा कंपनीच्या संशोधकांनी या खेळासाठी ‘सिसरो’ ही यंत्रप्रणाली सादर केली. ४० डावांअंती, एकाहून अधिक डाव खेळलेल्यांत ती वरच्या दशांशात आली. हे यश निर्विवाद होय. परंतु ती बहुतांशी प्रामाणिक आहे, हा कर्त्यांचा दावा भाषाशास्त्राच्या कसोटीवर अपुरा ठरतो. तिचा संदेश त्या क्षणीच्या नियोजित चालीला धरून रचला जातो. पुढे गणित बदलले की चालही बदलते. ‘मी साहाय्य करीन’ हे वाक्य बेत सांगते की वचन देते, हे ‘करीन’ या रूपावरून कळत नाही. वक्ता स्वतःस बांधून घेतो की नाही, यावर ते ठरते. ऐकणारा ते वचन समजून आपली आज्ञा लिहितो, आणि आज्ञा उघड झाल्यावर त्याला माघार नसते.

तेव्हा, बोलताना बेत खरा होता काय, एवढे पाहून भागणार नाही; बेत बदलल्यावर यंत्राने तो वेळीच कळविला काय, हेही पाहिले पाहिजे.